बगीच्याचे अडतीस पास

ती बाई आठव्या महिन्यात होती आणि भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, आमच्या बगीच्याच्या भिंतीला पाठ लावून रस्त्यावर बसली होती. भिंतीच्या आत कडुनिंबाची आणि करंजीची गर्द सावली होती, पाण्याने भरलेले तीन रांजण होते आणि वीस-पंचवीस माणसं आरामात आडवी होतील एवढी जागा रिकामी पडली होती. तिला आत जाता येत नव्हतं, कारण तिच्याकडे पास नव्हता. आणि पासाची कल्पना माझी होती.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी साहेबावर, मुकादमावर आणि सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींवर तोंडसुख घेणार आहे, तेव्हा वाचणाऱ्याने माझा वाटा विसरू नये.

मी महापालिकेच्या एका झोन कार्यालयात उद्यान विभागाचा मुख्य लिपिक आहे. ऑफिसात मला सगळे बडे बाबू म्हणतात. तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद हरवलेला नाही, आणि हे मी लोकांनी न विचारताच सांगतो. माझी बायको म्हणते की हा माणूस लग्नाच्या मांडवातसुद्धा आवक नंबर टाकून आत आला असता. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कागदावर माझा विश्वास आहे आणि त्याला कारण आहे.

सतराव्या वर्षी मी उमरेडच्या पलीकडच्या एका खेड्यातून नागपूरला आलो, तो हॉस्टेलच्या प्रवेशाचं पत्र घेऊन. बापाने ते दुपट्ट्याच्या टोकाला बांधून दिलं होतं. हॉस्टेलच्या दारावरच्या माणसाने माझ्या पायातल्या तुटक्या चपला पाहिल्या आणि हात आडवा केला. मी गाठ सोडून पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं आणि बाजूला झाला. एवढंच झालं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं की परक्या गावात माणसाकडे कागद असला की त्याला कोणी हाकलू शकत नाही. पुढची सगळी गडबड या एका समजुतीपायी झाली.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना सांगण्यात काही अर्थ नाही. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि जो बाहेर पडतो तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून. अशा दिवसांत महापालिका दरवर्षी उष्माघात टाळण्याची योजना करते. सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधायच्या, पाणपोया लावायच्या, बांधकामं दुपारी बारा ते चार बंद ठेवायला सांगायचं, आणि एरवी दुपारी बंद असणारे बगीचे मजुरांसाठी उघडे ठेवायचे. योजना चांगली आहे. हे मी उपरोधाने म्हणत नाही. सरकारी योजना बहुतेक चांगल्याच असतात. त्या खाली आमच्यापर्यंत पोचतात तिथून त्यांचे हाल सुरू होतात.

आमचा हा बगीचा मनीषनगरच्या कडेला आहे. तिथून पुढे बेसाकडे नुसती बांधकामं आहेत, आणि त्यांवर काम करणारी माणसं बिलासपूरकडची. छत्तीसगडी. ती साईटच्या बाजूला टिनाच्या खोल्यांत राहतात. आता काम बारा ते चार बंद ठेवलं, तर या माणसांनी चार तास जायचं कुठे, हा विचार योजनेत एकट्या बगीच्याच्या कलमाने केला होता. टिनाच्या खोलीत मे महिन्यातल्या दुपारी बसण्यापेक्षा उन्हात विटा वाहिलेल्या बऱ्या. मी एकदा त्या खोलीत पाच मिनिटं उभा राहिलो होतो. सहाव्या मिनिटाला बाहेर आलो.

पण बगीचा म्हटला की बगीच्याचे मालक आले. आमच्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांचं एक मंडळ आहे. सगळे निवृत्त, सगळे पांढऱ्या बुटातले. त्यांचं शिष्टमंडळ एप्रिलच्या शेवटी ऑफिसात आलं.

"बडे बाबू, हे बाहेरचे लोक लॉनवर झोपून राहिले," त्यांचे पुढारी म्हणाले. "बेंचवर पाय पसरून बसतात. आमच्या बायका-पोरींनी बगीच्यात याचं का नाही?"

"दुपारी दोन वाजता कोण येतं जी बगीच्यात?" मी विचारलं.

"प्रश्न तो नाही ना. प्रश्न बाहेरच्या लोकांचा आहे."

हे पुढारी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातले. त्यांच्या उजवीकडचे गोंदियाचे, डावीकडचे चंद्रपूरचे. मनीषनगरात मूळचा मनीषनगरचा माणूस शोधायला निघालं तर संध्याकाळपर्यंत सापडायचा नाही. मी हे बोललो नाही, नुसता अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारला. मला तेव्हाच खरं तर चिडायला हवं होतं. मी चुकीच्या ठिकाणी चिडतो, ही माझी जुनी खोड आहे.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बगीचा बंद केला तर वरून विचारणा होईल. उघडा ठेवला तर ही मंडळी नगरसेवकाकडं जातील. काहीतरी मधला मार्ग काढा, बडे बाबू."

मधला मार्ग मीच काढला. पास. ज्या मजुराकडे पास असेल त्याला बारा ते चार आत बसण्याचा हक्क. मग कोणाही पांढऱ्या बुटवाल्याने हटकलं तर त्याने पास दाखवावा. साहेब खूश झाले. मी त्यांच्याहून खूश झालो. मला हॉस्टेलच्या दारातला तो माणूस आठवला, आणि वाटलं की आपण आज कोणाच्या तरी दुपट्ट्याला कागद बांधून देतो आहोत.

दुसऱ्या दिवशी साईटवर जाऊन मी मुकादमाला गाठलं. मुकादमही तिकडचाच, पण नागपुरात मुरलेला. खाली पार्किंगच्या मजल्यावर सिमेंटच्या पोत्यांवर बसून त्याने हजेरीची वही उघडली. तो नावं वाचत गेला आणि मी माझ्या नमुन्यात उतरवत गेलो. माझ्या नमुन्यात पाच रकाने होते: अनुक्रमांक, नाव, वय, मूळ गाव, आधार. त्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक शब्द लिहिलेला होता, जोडी. तो रकाना माझ्या नमुन्यात नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला. त्याचा अर्थ विचारायचंही मला सुचलं नाही. अडतीस नावं झाली. अडतीस पिवळे पास काढले, त्यांना लॅमिनेशन केलं, प्रत्येकावर गोल शिक्का. फाटकावर पाटी रंगवून घेतली: दुपारी १२ ते ४ प्रवेश फक्त पासधारक कामगारांसाठी.

पाटी लावायच्या दिवशी मी चौकीदाराला समोर उभं करून सगळं समजावलं. हा चौकीदार बालाघाटकडचा, पण वीस वर्षांपासून इकडे. एजन्सीमार्फत लागलेला, म्हणजे त्याच्या नोकरीला पायाखाली जमीन नाही. एक मेमो गेला की घरी.

"पास नाही तर आत नाही," मी म्हटलं. "खुद्द आयुक्त आले तरी पास विचारायचा. मागचं छोटं फाटक कायम बंद. तिकडून कोणी आत घुसलेलं दिसलं, तर मी पहिला मेमो तुझ्या नावाने काढीन."

"हो जी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बडे बाबू, एक गोष्ट..."

मला सदर भागात दुसऱ्या कामाला जायचं होतं. मी म्हटलं गोष्ट नंतर, आणि स्कूटरला किक मारली.

पुढचे आठ-दहा दिवस मी फार सुखात होतो. अहवालात लिहिलं, अडतीस पास वितरित. साहेबांनी ते वर पाठवलं. सकाळच्या मंडळाने तोंड वाकडं केलं, पण शिक्क्यापुढे त्यांचं काही चालेना. मग एका दुपारी रांजण किती भरतात ते पाहायला मी बगीच्यात गेलो, आणि ती दिसली.

एकटी ती नव्हती. भिंतीच्या बाहेरून, रस्त्याच्या बाजूला, हातभर रुंदीची सावली पडते. त्या सावलीत पंधरा-सोळा बाया पाय पोटाशी घेऊन ओळीने बसल्या होत्या. जशी सावली सरकेल तशा त्याही सरकत होत्या. काहींच्या शेजारी त्यांचे नवरे बसले होते, खिशात पिवळे पास ठेवून. फाटकाच्या आत पाहिलं तर चार पुरुष झोपलेले. अडतिसांतले चार.

आठव्या महिन्यातल्या त्या बाईने खाली रिकामं पोतं अंथरलं होतं. तिचा चेहरा वाफेवर धरल्यासारखा झाला होता. तिचा नवरा दुपट्ट्याने तिला वारा घालत होता.

"अरे, तू बाहेर काहून बसला?" मी त्याला विचारलं. "तुझ्याकडे पास आहे ना?"

त्याने खिशातून पास काढून दाखवला. "मेरा है साहब. इसका नहीं बना."

"का नाही बनला?"

नवऱ्याने पास परत खिशात ठेवला. बाईच बोलली, अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता. "वहीमा मोर नांव नइ हे, साहेब."

मग वहीत तिचं नाव का नाही ते नवऱ्याने समजावलं तेव्हा मुकादमाच्या वहीतला तो सोडून दिलेला शब्द माझ्या डोक्यात शिरला. त्यांच्यात कामावर माणूस एकटा लागत नाही, नवरा-बायकोची जोडी लागते. तो माल कालवतो, ती डोक्यावर वाहते. वहीत नाव नवऱ्याचं, आणि पुढे जोडी लिहिलं की बायको त्यात आली. मुकादमाच्या वहीत अडतीस नावं म्हणजे शहात्तर माणसं होती. मी निम्मी माणसं फाटकाबाहेर ठेवून त्यावर गोल शिक्का मारला होता.

"तू तरी आत जाऊन झोप," मी नवऱ्याला म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

"इसको छोड के?" त्याने विचारलं.

मी बाईला उठवलं, स्वतः फाटकातून आत नेलं, रांजणाजवळ बसवलं. बाकीच्याही आल्या. चौकीदार बाजूला उभा राहून पाहत होता. मी निघालो तसा तो मागे आला.

"आज तुमी आहा, बडे बाबू. उद्या मी काय करू?"

"येऊ दे त्यांना. मी सांगतो ना."

"लिहून द्या जी," तो म्हणाला. "तुमच्याच मेमोचा भेव आहे मले."

त्याचं बरोबर होतं. माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत नव्हती, हे मीच त्याला शिकवलं होतं. मी म्हटलं उद्या लेखी आणतो. उद्या म्हणालो, यावर आता माझं मलाच हसू येतं.

साहेब म्हणाले, "बायकांना पास द्यायला माझी ना नाही. मुकादमाकडून सुधारित यादी आणा."

मुकादम म्हणाला, "औरतों का नाम मैं नहीं चढाता. आज बगीचे के लिए नाम लोगे, कल लेबर वाला आके बोलेगा इतनी औरतें हैं तो झूलाघर किधर है, बाथरूम किधर है. ठेकेदार मुझे खडे-खडे निकालेगा." झूलाघर म्हणजे पाळणाघर. कायद्याने ते द्यावं लागतं, म्हणूनच बायका कागदावर नसलेल्या बऱ्या. हा कायदाही त्या बायकांच्या रक्षणासाठीच केलेला आहे.

मी परत साहेबांकडे. साहेबांनी नकाशा मागवला. "या खोल्या बेसाच्या हद्दीत दिसतात. बेसा आपल्यात येत नाही. आपण दुसऱ्या हद्दीतल्या लोकांना पास दिलेच कसे?"

"साहेब, बगीचा तर आपल्या हद्दीत आहे ना. ऊन दोन्हीकडे आहे."

"तुम्ही चिडू नका. महिलांचा विषय आहे, महिला व बालकल्याणकडे पाठवा."

महिला व बालकल्याणने दोन दिवसांनी कागद परत पाठवला. बगीच्याचा विषय उद्यान विभागाशी संबंधित असल्याने, वगैरे. त्याच्या आवक-जावकच्या नोंदी मी बिनचूक केल्या. मधल्या काळात मी जमेल त्या दुपारी एक चक्कर मारून बायांना स्वतः आत बसवायचो, पण मी रोज जाऊ शकत नव्हतो. ज्या दिवशी मीटिंग असे त्या दिवशी त्या बाहेर असत. ती बाई मला पाहिलं की पोतं गोळा करून उठायला लागायची, आणि तिला उठायला दर वेळी थोडा जास्त वेळ लागायचा. मला तिच्याकडे पाहवत नसे. मी चौकीदारावर ओरडायचो, रांजण अर्धे का म्हणून. रांजण भरलेले असायचे.

घरी कूलरसमोर जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. साहेबाला, मुकादमाला, हद्दीला, सगळ्यांना शिव्या दिल्या. तिने पोळी वाढली आणि विचारलं, "काहो, तुमी पास काढाच्या आधी त्या बाया कुठी बसत होत्या?"

"मला काय माहीत, कुठं बसत असतील ते."

"उन्हाळा तं एप्रिलपासूनच आहे ना. कुठीतरी बसतच असतील."

"तुला ऑफिसातलं काही समजत नाही," मी म्हटलं.

तिने वरण वाढलं.

नवतपा लागला. मेच्या शेवटचे ते नऊ दिवस नागपूरकर श्वास मोजून काढतात. त्यातल्या तिसऱ्या दिवशी साईटवर स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी काम थांबवता येत नाही, माल ओतायला घेतला की शेवटपर्यंत ओतावाच लागतो. तेव्हा बारा ते चार वगैरे कोणी पाळत नाही. सगळ्या जोड्या वर चढल्या होत्या. त्या बाईला तेवढी सूट मिळाली होती, तिला खालीच राहू दिलं होतं. तिच्याऐवजी नवऱ्याच्या जोडीला दुसरी कोणी माल वाहत होती. म्हणून ती एकटी भिंतीला टेकून बसली होती. मी झोनच्या मीटिंगमध्ये होतो. विषय होता, उष्माघात योजनेचा आढावा.

फोन चौकीदाराचा आला. "बडे बाबू, बाई पडली जी. मी उचलून आत आनली. १०८ ले फोन लावला. मेमो द्याचा असन तं द्या."

मी स्कूटर कशी हाकली ते मला आठवत नाही. करंजीखाली तिला आडवी केली होती, चौकीदाराने बागेचा पाण्याचा पाइप तिच्या पायांवर सोडला होता आणि ओल्या दुपट्ट्याने तिचं तोंड पुसत होता. अंग तव्यासारखं तापलेलं. डोळे उघडे होते पण ती आमच्याकडे पाहत नव्हती. पोटावर तिचा एक हात तसाच धरलेला होता. अँब्युलन्समध्ये मी आणि चौकीदार दोघेही चढलो. फाटक उघडंच राहिलं.

सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं आणि केसपेपर करणारी सिस्टर पेन घेऊन माझ्याकडे वळली.

"पेशंटचं नाव?"

मी चौकीदाराकडे पाहिलं, चौकीदाराने माझ्याकडे. त्या साईटवरच्या अडतीस माणसांची नावं, वयं आणि गावं मी झोपेत सांगितली असती. तिच्या नवऱ्याचा अनुक्रमांक एकवीस. हिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. पंधरा दिवस मी तिच्यासाठी फाईल फिरवत होतो आणि फाईलमध्ये ती 'सदर महिला' होती.

"तुम्ही कोण तिचे?" सिस्टरने विचारलं.

"महापालिकेतून," मी म्हटलं.

सिस्टरने केसपेपरवर लिहिलं, अनोळखी महिला.

तिथल्या बाकावर मी दोन तास बसलो. मला भीती वाटत होती. मूल गेलं तर ते कोणाच्या नावावर जाणार, हे मला माहीत होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होणार नव्हती. नवरा सिमेंटने भरलेल्या पायांनी धावत आला तेव्हा मी उभा राहिलो आणि तिला नेलं होतं ते दार त्याला दाखवलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सलाईन लावलं होतं, ताप उतरला होता, पोटातल्या बाळाचे ठोके ठीक होते. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. बाईने शुद्धीवर आल्यावर स्वतःचं नाव सांगितलं होतं. सिस्टरने आधीचं खोडून ते लिहिलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही.

मला आत जाऊ दिलं. ती उशीला टेकून बसली होती. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं, पास करताना मी तुमची नावं घेतली नाहीत, आता कसंही करून तुझा पास उद्या करून देतो. तिला माझं अर्धंच समजलं असावं. ती नवऱ्याकडे पाहत काहीतरी बोलली आणि हसली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"बोलती है, कार्ड रहने दो साहब," नवरा संकोचून म्हणाला. "पहले तो सब औरतें अंदर ही सोती थीं. पीछे वाले गेट से. चौकीदार भैया खोल देते थे. कार्ड बना, उसके बाद बंद हुआ."

मी चौकीदाराकडे वळलो. तो भिंतीकडे पाहत होता.

"खरं आहे?"

"हो जी," तो म्हणाला. "एप्रिलपासून. पंपाच्या खोलीमागं करंजी आहे ना, तिथं. समोरून दिसत नाही. कोनाले तरास नव्हता."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"सांगतच होतो ना त्या दिवशी. तुमी बोलू कुठी देऊन राहिले होते?"

मला पाटी लावायच्या दिवशीची ती अर्धी राहिलेली गोष्ट आठवली, आणि बायकोने पोळी वाढता वाढता विचारलेलं. शहरभर मला सोडून सगळ्यांना माहीत होतं की त्या बाया कुठे बसतात. एक चौकीदार कोणाला न विचारता, मागचं फाटक अर्धं उघडं ठेवून, जे बिनबोभाट करत होता, ते मी रंगवलेल्या पाटीने बंद पाडलं होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं तर तीही "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी नवरा-बायको बाळंतपणासाठी गावाकडे गेले. मी पाटी काढून ऑफिसच्या गोदामात टाकली आणि साहेबांना सांगितलं की वाऱ्याने पडली. चौकीदाराला मी लेखी काही दिलं नाही. नुसतं म्हटलं, मागच्या फाटकाचं कुलूप बिघडलं आहे, दुरुस्तीला टाकलं आहे. तो म्हणाला, हो जी.

आणि वरून पत्र आलं. अडतीस पासांचा आमचा उपक्रम स्तुत्य असून, पुढील उन्हाळ्यापासून तो सर्व झोनमध्ये राबवण्यात यावा. सोबत माझा पाच रकान्यांचा नमुना जोडलेला होता. साहेबांनी पेढे मागवले. मी टिपणी लिहून दिली की नमुन्यात बदल हवा, महिलांची स्वतंत्र नोंद हवी, खरं तर पासच नकोत. ती टिपणी कुठल्या टेबलावर आहे ते मला माहीत आहे, कारण मी दर महिन्याला तिची विचारणा करतो. ती विचाराधीन आहे.

यंदा पुन्हा मे आला. इतर बगीच्यांत पास निघाले. अहवालात आमच्या बगीच्याच्या नावापुढे मी लिहिलं: मुकादमाकडून सुधारित यादी अप्राप्त, सबब पास वितरण प्रलंबित. यादी नाही तर पास नाहीत, आणि पास निघालेच नाहीत तर ते कोणाला विचारायचे हा प्रश्न उरत नाही. दर आठवड्याला मी स्मरणपत्र पाठवतो. मुकादम उत्तर देत नाही, मी त्याला देऊ नको म्हणून सांगून ठेवलं आहे. दुपारी मी त्या रस्त्याने जातो तेव्हा स्कूटर थांबवत नाही आणि पंपाच्या खोलीकडे मान वळवत नाही.

मागच्या आठवड्यात सकाळच्या मंडळाचा अर्ज आला. पंपाच्या खोलीमागच्या करंजीला साडीची झोळी बांधून त्यात लहान मूल झोपवलेलं आढळलं, झाडाच्या फांदीला इजा होण्याची शक्यता आहे, संबंधितांवर कारवाई व्हावी. मी चौकीदाराला फोन करून विचारलं, झोळी कोणाची.

"तिचीच जी," तो म्हणाला. "एकवीस नंबरवाल्याची. पोरगी झाली."

एकवीस नंबरवाल्याची म्हणू नको, मी म्हटलं, आणि त्याला तिचं नाव सांगितलं.

मग मी तो अर्ज पुन्हा हातात घेतला. त्यावर आवक नंबर टाकला नाही, शिक्का मारला नाही. परवा पुढारी विचारायला आले तेव्हा मी सगळी कपाटं त्यांच्यासमोर उघडून शोधलं. तीस वर्षांत माझ्याकडून हरवलेला हा पहिला कागद आहे.